विहिरींची यादी आणि आईचा आधार क्रमांक

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं तुमचं गाव. रोजगार हमीतून २०२३-२४ या वर्षात गावात किती सिंचन विहिरी मंजूर झाल्या आणि कुणाला, याची यादी तुम्ही माहिती अधिकारात मागितली. तिसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: ‘सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये नाकारण्यात येत आहे.’ त्याच आठवड्यात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठल्याशा अनुदानाची पीडीएफ फिरली. तिच्यात तुमच्या आईचं नाव, मोबाइल, बँकेचा खाते क्रमांक आणि आधारचे बाराच्या बारा आकडे. तुम्ही विचारता, आम्ही मागितलं की ते खासगी, आणि आईचं सगळं चव्हाट्यावर, हे कसं?

मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. मधली काही वर्षं जनमाहिती अधिकारी होतो, म्हणजे तुम्हाला आलीय तसली ओळ मीही लिहिलेली आहे. आता लोकांची अपिलं लिहून देतो.

तुम्हाला ह्या दोन उलट गोष्टी वाटतात. कार्यालयात बसलेल्याच्या लेखी ती एकच गोष्ट असते. त्याच्या संगणकावर ‘यादी’ नावाची एक एक्सेल फाइल असते, अठरा-वीस रकान्यांची. मंजुरीचा आदेश आणि रक्कम एका रकान्यात, आधार आणि खाते क्रमांक शेजारच्या रकान्यात. रकाने निवडून काढायला कुणाला सवड नसते. साहेबांना भीती वाटली की अख्खी फाइल बंद, आणि वरून घाई आली की अख्खी फाइल ग्रामसेवकाच्या मोबाइलवर. तिथून ती ग्रुपवर पडायला चहाचा कप संपेपर्यंतचाही वेळ लागत नाही. तेव्हा तुमचं भांडण ‘माहिती द्या’ एवढ्यासाठी मांडू नका. कोणता रकाना द्यायचा आणि कोणता झाकायचा, यावर मांडा. सरकारनं काय केलं हे सांगणारा रकाना उघडा हवा. माणसाच्या घरात, खात्यात, शरीरात काय आहे हे सांगणारा झाकलेला हवा. माझ्या अनुभवात नव्वद टक्के वाद इतक्यावर मिटतो. उरलेले दहा टक्के अवघड असतात, त्यांच्याकडं पुढं येतो.

आधी कलम. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात ८(१)(ञ) खाली नकार द्यायचा तर अधिकाऱ्याला दाखवावं लागायचं, की मागितलेल्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामकाजाशी किंवा हिताशी संबंध नाही, किंवा ती दिली तर त्या माणसाच्या खासगीपणात विनाकारण ढवळाढवळ होते. खाली एक परंतुकही होतं: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. हे वाक्य लिहून मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. अर्ज नाकारायचा हात शिवशिवला की नजर तिकडं जायची.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याच्या कलम ४४(३) नं हे सगळं काढून तिथं ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढंच ठेवलं. परंतुकही गेलं. नोव्हेंबर २०२५ पासून ही दुरुस्ती अंमलात आहे. माझं मत विचाराल तर ही दुरुस्ती चुकीची झाली. तिच्या समर्थनाला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींचा ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल पुढं केला जातो, खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवणारा. पण तो खटला उभा राहिला होता आधारवरून, सरकार लोकांची किती माहिती गोळा करतं यावरून. ग्रामपंचायतीच्या हिशेबात डोकावणारा गावकरी त्या खटल्यात कुठंच नव्हता.

जुनं कलम होतं तेव्हाही सगळं आलबेल होतं असं मी म्हणणार नाही. २०१२ साली गिरीश देशपांडे प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सरकारी कर्मचाऱ्याला दिलेल्या नोटिसा, शिक्षेचे आदेश, मालमत्तेची विवरणं यांना वैयक्तिक माहिती ठरवलं; व्यापक जनहित दाखवाल तरच मिळेल, असं म्हटलं. तेव्हापासून कित्येक कार्यालयांत त्या निकालाची झेरॉक्स गठ्ठ्यानं ठेवलेली असायची. अर्ज आला की जोड. निकाल नोकरीच्या फाइलबद्दल आणि अर्ज पाझर तलावाबद्दल, तरी जोड.

आता तुमच्या हातात काय उरलं ते सांगतो. कलम ८(२) ला कुणी हात लावलेला नाही. माहिती उघड करण्यातलं जनहित हे होणाऱ्या हानीपेक्षा जास्त असेल तर माहिती न देण्याची सूट लागू असूनही ती देता येते, असं ते कलम म्हणतं. पूर्वी हे आपलं शेवटचं शस्त्र होतं, आता अर्जाच्या पहिल्याच ओळीत आणायचं. दुसरं, कलम ४(१)(ख). कार्यालयानं आपणहून प्रसिद्ध करायच्या सतरा बाबी त्यात आहेत आणि अनुदानाच्या कार्यक्रमांची अंमलबजावणी, वाटलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील ही त्यातलीच एक बाब आहे. म्हणजे तुम्ही मागितलेली यादी त्यांनी न मागताच लावायची होती. तिसरं, विहिरी मनरेगातल्या, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमी कायद्यातल्या. त्या कायद्याच्या जागी केंद्रानं नवा कायदा आणला असला तरी तुमच्या विहिरी मंजूर झाल्या तेव्हा मनरेगाच लागू होता, आणि त्याच्या कलम १७ खाली सामाजिक अंकेक्षणासाठी, म्हणजे गावानंच कामांची पडताळणी करण्यासाठी, हजेरीपट, देयकं, मोजमाप पुस्तिका, मंजुरीचे आदेश हे सगळं ग्रामसभेपुढं ठेवणं बंधनकारक होतं. जे कागद ग्रामसभेत अख्ख्या गावापुढं मांडायचे, ते एका गावकऱ्यापासून खासगी कसे? अपिलात हा प्रश्न असाच्या असा लिहा. आणि चौथं, कलम १९(५): नकार बरोबर होता हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्याची आहे, तुमची नव्हे.

तुमचा अर्ज मी वाचला. ‘सर्व लाभार्थ्यांची संपूर्ण माहिती, सर्व कागदपत्रांसह’ असं तुम्ही लिहिलंय. इथंच घसरलात. संपूर्ण म्हटलं की आधारची झेरॉक्स, पासबुकाचं पान, रेशनकार्ड सगळं आलं, आणि साहेबांना आयतं निमित्त मिळालं. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, त्यामुळं नेमकं लिहायची सवय लावून घ्या. मी असं लिहिलं असतं:

‘मौजे अमुक येथील सन २०२३-२४ मधील मंजूर सिंचन विहिरींबाबत: लाभार्थ्याचे नाव, गट क्रमांक, प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेचा क्रमांक व दिनांक, मंजूर रक्कम, आजवर अदा केलेली रक्कम (कुशल व अकुशल स्वतंत्र), मोजमाप पुस्तिका व हजेरीपटांच्या प्रती, कामाची सद्यःस्थिती. आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक नकोत. कागदावर असल्यास कलम १० प्रमाणे झाकून प्रत द्यावी. सार्वजनिक निधीच्या विनियोगाची पडताळणी हे यातील जनहित आहे.’

‘नकोत’ हा शब्द अर्जात असला की निम्मी लढाई जिंकली. नकार लिहायला बसलेल्या माणसाची लेखणी तिथं अडते. माझी अडलेली आहे.

यातला गट क्रमांक काही केल्या सोडू नका. एकवेळ नाव झाकून दिलं तरी चालेल. कागदावरची विहीर शोधायची तर रानात जाऊन उभं राहावं लागतं आणि रानाचा पत्ता म्हणजे गट. जुनीच विहीर रंगरंगोटी करून नवी दाखवलेली असते, दोन विहिरींतलं १५० मीटरचं अंतर पाळलेलं नसतं, कधी खड्डा दहा फूट आणि मोजमाप पुस्तिकेत चाळीस. हे नावावरून कळत नाही. एक गोष्ट मात्र मी मसुद्यात मुद्दाम घातली नाही: प्रत्येकाच्या नावापुढं तो कोणत्या प्राधान्यगटातून निवडला गेला. त्यात जात येते, अपंगत्व येतं, स्त्री कुटुंबप्रमुख असणं येतं. निवड क्रमानं झाली का हे तपासायला प्राधान्यगटवार संख्या पुरते. संख्येत काही काळंबेरं दिसलं तर पुढचा अर्ज त्या प्रकरणापुरता करा.

अधिकारी कलम ११ दाखवतील. त्रयस्थ व्यक्तीची माहिती असेल आणि तिनं ती गोपनीय मानलेली असेल तर पाच दिवसांत तिला नोटीस काढायची, तिला म्हणणं मांडायला दहा दिवस. मग ‘लाभार्थ्यांची हरकत आहे, सबब नामंजूर’. हरकत विचारात घ्यायची असते, ती म्हणजे व्हेटो नव्हे. निर्णय अधिकाऱ्यानंच कारणासह द्यायचा असतो.

आता ते दहा टक्के. आमच्या भागात सगळ्यात अवघड फाइल असते शेतकरी आत्महत्येची. एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण जिल्हा समितीपुढं जातं आणि पात्र किंवा अपात्र ठरतं. जमीन कुटुंबाच्या नावावर होती का, कर्ज थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे बघितलं जातं. त्या फाइलीत काय काय असतं हे बाहेरच्याला कल्पनेतही येणार नाही. शवविच्छेदनाचा अहवाल, दारूचा उल्लेख, भावकीतलं भांडण, आजारपण, चुलीपुढं बसून बायकोनं तलाठ्याला दिलेला जबाब. मी असे पंचनामे केलेत. त्या बाईनं जे सांगितलं ते मदत मिळावी म्हणून सांगितलं होतं, उद्या कुणी ते मोबाइलवर वाचावं म्हणून नव्हे.

एका तरुण पत्रकारानं एकदा तालुक्यातल्या सगळ्या अपात्र प्रकरणांच्या पूर्ण फाइली मागितल्या. त्याचा हेतू चांगला होता. समिती कुठल्या कारणांनी लोकांना बाहेर काढते ते त्याला शोधायचं होतं. मी सरसकट नाकारलं. आज मला तो निर्णय अर्धा चूक वाटतो. बैठकीची तारीख, प्रकरणांची संख्या, प्रत्येक प्रकरणात लावलेला निकष, अपात्रतेचं कारण, निर्णयाला लागलेले दिवस हे सगळं नावं आणि गावं काढून देता आलं असतं. ते समितीचं काम होतं. जबाब आणि शवविच्छेदन त्या घराचं होतं. लहान गावात नुसतं नाव काढून भागत नाही, हेही तेव्हाच शिकलो. ‘मार्च महिना, दीड एकर, दोन मुली’ एवढं लिहिलं तरी अख्ख्या पंचक्रोशीला घर कळतं. कुटुंबानं स्वतःची फाइल मागितली तर मात्र तिथं खासगीपणाचं कारण सांगणं हा निव्वळ उद्दामपणा. त्यांना सगळं पान अन् पान मिळालं पाहिजे.

याच्या दुसऱ्या टोकाला जुने कागद. कलम ८(३) फार थोड्यांना माहीत असतं. अर्जाच्या तारखेच्या वीस वर्षांपूर्वी घडलेल्या बाबीची माहिती द्यावीच लागते. त्याला अपवाद फक्त तीन खंडांचे, (क), (ग) आणि (झ). (ञ) त्यात नाही. म्हणजे २०२५ च्या दुरुस्तीनं कितीही दार लावलं, तरी वीस वर्षं उलटली की तो अडसर निघतो. मराठवाड्यात याला वेगळं वजन आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. अभिलेख कक्षातले कितीतरी दप्तर उर्दूत, काही मोडी लिपीत. आमच्याकडं ते वाचणारा एकच म्हातारा माणूस होता. कागद कायद्यानं खुले, पण त्याला वेळ असेल तेव्हाच ते बोलणार. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती आली, दप्तरं झटकली गेली, पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. ज्यांना पणजोबाची एक ओळ हवी होती त्यांच्यासाठी हे मोठं काम झालं. पण पान स्कॅन केलं की तुमच्या पणजोबाबरोबर शेजाऱ्याचाही पणजोबा वर येतो, त्याचं दत्तकविधान, त्याची जात, सगळं. यावर माझ्याकडं सोपं उत्तर नाही. मी उघडं ठेवण्याच्या बाजूचा आहे, कारण बंद दप्तराचा फायदा नेहमी ज्याच्या हातात किल्ली त्यालाच झाला.

तुम्ही सातबाऱ्याचंही विचारलंय. सातबारा पूर्वीपासून सार्वजनिकच. चावडी वाचनात तलाठी तो सगळ्यांपुढं वाचायचा. पण चावडीवर बसलेले चाळीस लोक गावातले, एकमेकांना ओळखणारे. परक्याला उतारा हवा तर एसटीनं येऊन तलाठ्याची वाट बघत बसावं लागे. ती खेप हेच कुंपण होतं. आता महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर मोबाइल क्रमांक टाकून गट क्रमांकानं किंवा आडनावानं शोधा, मालक, क्षेत्र, इतर हक्कातला बँकेचा बोजा, सगळं फुकट दिसतं. सहीचा उतारा हवा असेल तर १५ रुपये. मुलगा बघायला निघायच्या आधी मुलीचे मामा सातबारा बघून घेतात, बोजासकट, हे आता लग्नाच्या रीतीत धरायला हरकत नाही. गमतीचा भाग सोडा. दुसऱ्याचं रान दाखवून पीकविमा उतरवणाऱ्यालाही हाच उतारा सापडतो, आणि गायरान, सरकारी जमिनी दाखवून उतरवलेला विमा पकडायचा तर गट क्रमांक ताडून बघायलाही हाच लागतो. म्हणून सातबारा बंद करा असं मी म्हणणार नाही. आडनाव टाकून शोधायची सोय मात्र काढावी असं माझं म्हणणं आहे. जमिनीवरून माणूस शोधणं व्यवहाराला लागतं. माणसावरून त्याच्या सगळ्या जमिनी शोधणं हे वेगळं काम, त्याला कारण विचारलं पाहिजे.

कागद स्वतःहून निरुपद्रवी वाटतो आणि इंटरनेटवर गेल्यावर त्याचा भलताच उपयोग होतो, याचं एक उदाहरण नांदेडच्या शेजारचंच. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्यानं नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरची दस्तऐवजं उतरवून घेतली, त्यावरच्या अंगठ्यांचे ठसे बनवले आणि त्या ठशांवर सिमकार्डं सुरू केली. खरेदीखत उघडं असणं बरोबरच. अंगठा उघडा असायची काय गरज होती?

आईच्या बाबतीत कायदा अगदी स्पष्ट आहे. आधार कायद्याच्या कलम २९(४) प्रमाणं कुणाचाही आधार क्रमांक जाहीररीत्या प्रसिद्ध करता येत नाही, लाभार्थी यादीतसुद्धा नाही. चूक नवी नाही. २०१७ मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीनं दाखवून दिलं होतं की रोजगार हमी आणि पेन्शनसह चार सरकारी संकेतस्थळांवर १३ कोटींच्या घरात आधार क्रमांक उघडे पडले होते. त्यानंतर आकडे झाकायचे आदेश निघाले, पण गावापर्यंत फाइल पोचते ती अजून तशीच.

आज करायचं ते असं. त्या पीडीएफचा स्क्रीनशॉट ठेवा, आकडे झाकून. पुरावा म्हणून अख्खी फाइल पुढं ढकलू नका, नाहीतर तुम्हीही त्याच साखळीत येता. ग्रुपच्या ॲडमिनला काढायला सांगा. गटविकास अधिकाऱ्यांना लेखी द्या की यादी आधार, खाते, मोबाइल वगळून पुन्हा प्रसिद्ध करावी. ‘यादीच काढून टाका’ असं लिहू नका. ती राहिली पाहिजे. आईच्या आधारचं बायोमेट्रिक आधारच्या अधिकृत ॲपवरून कुलूपबंद करता येतं. फक्त रेशनवर अंगठा लावायच्या आधी ते तात्पुरतं उघडावं लागेल, नाहीतर माउली दुकानातून रिकाम्या पिशवीनं परत येईल आणि शिव्या तुम्हाला बसतील. खाते क्रमांकावरून कुणी पैसे काढू शकत नाही, पण नाव, योजना आणि खाते अचूक सांगणाऱ्या फोनवर माणूस विश्वास ठेवतो आणि ओटीपी देऊन बसतो. तेवढं आईला दोनदा सांगा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन.

तुमच्या स्वतःच्या खासगीपणाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मला तीच काळजी जास्त वाटली. अर्ज सकाळी दिला की संध्याकाळी पारावर चर्चा असते. जानेवारी २०१० मध्ये तळेगावात माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा खून झाला तेव्हापासून हे भय कुणी हसण्यावारी नेत नाही. कलम ६(२) प्रमाणं तुम्हाला माहिती का हवी हे विचारता येत नाही आणि संपर्कासाठी लागतो त्यापलीकडचा वैयक्तिक तपशीलही मागता येत नाही. कलकत्ता उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये पोस्ट बॉक्सचा पत्ताही पुरतो असं सांगितलंय. आणि अर्ज गावातल्याच माणसानं करायला हवा असं कुठंही नाही. पुण्यात नोकरीला असलेला मित्र, संभाजीनगरला शिकणारी बहीण, भारताचा कोणताही नागरिक तोच अर्ज करू शकतो. वाळूचा किंवा ठेकेदाराचा विषय असला तर मी हेच करायला सांगतो.

मुदती बघा. नकार हातात पडल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५. तिथंही नाही मिळालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या संभाजीनगर खंडपीठाकडं दुसरं अपील. आठही जिल्ह्यांचा भार तिथं असल्यानं वर्ष-दीड वर्ष धरून चाला. म्हणून अपील करा, पण त्याच्या भरवशावर बसू नका. वर दिलेल्या मसुद्याचा नवा अर्ज दहा रुपयांचा स्टॅम्प लावून त्याच दिवशी टाका.

आणि तोवर एखाद्या सोमवारी दुपारी ३ ते ५ च्या वेळात पंचायत समितीत जाऊन अभिलेख बघायला मागा; त्या वेळेत नागरिकांना फाइली दाखवायच्या सूचना आहेत. ‘संबंधित कर्मचारी साइटवर गेलेत’ हे उत्तर एकदा ऐकून घ्या, दुसऱ्या सोमवारी परत जा. मोजमाप पुस्तिका हातात आली की कागदावर फक्त पुस्तिकेचा क्रमांक, पान आणि गट उतरवा. पुढं प्रत मागताना नुसतं ‘पुस्तिका क्रमांक अमुक, पान ४१ ते ४४’ एवढं लिहायचं, पानाला दोन रुपये भरायचे. चार पानांच्या मागणीला वैयक्तिक माहितीचं कारण लावणं साहेबांनाही जड जातं.